फिरणारा चुंबक आणि त्याचे क्षेत्र

प्रस्तावना

मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर चालवण्याचे बेत विसाव्या शतकाच्या तोंडावर पक्के होऊ लागले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेला आपला मुक्काम हलवणे भाग पडले. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात होते. ट्रामच्या रुळांतून जमिनीत पसरणारा वीजप्रवाह ते वेध बिघडवणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागला समुद्राजवळ नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. कोकणात मुबलक मिळणारा काळा पाषाण स्वतःच थोडाफार चुंबकीय असतो. म्हणून बांधकामासाठी पोरबंदरचा दगड आणला गेला. १९०४ मध्ये अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या. पुढची दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले, म्हणजे जुनी मालिका नवीला अचूक जोडता यावी. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तेव्हा चुंबकसुया सुरक्षित जागी पोहोचल्या होत्या.

या दूरदृष्टीमुळे रायगडच्या किनाऱ्यावर पृथ्वीच्या चुंबकत्वाची जगातल्या सर्वांत लांब नोंदमालिकांपैकी एक नांदते आहे. पण अलिबागच्या त्या शांत आवारात एक जुना, चिवट प्रश्नही दडलेला आहे. पृथ्वी हा एक प्रचंड चुंबक आहे आणि तो स्वतःभोवती फिरतो. अलिबागच्या अक्षांशावर जमिनीचा वेग ताशी सुमारे १,५८० किलोमीटर भरतो. वेधशाळा, तिच्यातली उपकरणे, बाहेरची नारळीची बने, सगळे त्या वेगाने पूर्वेकडे चालले आहे. मग पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही तिच्याबरोबर फिरते का? की पृथ्वी फिरते आणि क्षेत्र अवकाशात जागच्या जागी राहते?

प्रस्तुत पुस्तक याच प्रश्नाभोवती लिहिले आहे. प्रश्न शाळकरी मुलालाही समजेल असा आहे, आणि तरीही त्याने फॅरेडेपासून आइन्स्टाइनपर्यंत अनेकांना विचारात पाडले. मराठीत त्यावर सलग लेखन नसल्यामुळे या विषयाचा नकाशा वाचकापुढे आधीच ठेवणे आवश्यक वाटते.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करायला हवा. पट्टीचुंबक टेबलावर ठेवून हाताने आडवा फिरवला, तर त्याचे क्षेत्र फिरते यात कोणालाच शंका नाही. जवळच्या होकायंत्राची सुई लगेच त्याचा पाठलाग करते. वीजकेंद्रातले जनित्र नेमके याच तत्त्वावर चालते: फिरता चुंबक, त्याच्याभोवती स्थिर वेटोळी आणि वेटोळ्यांतून क्षणोक्षणी बदलणारे क्षेत्र. खरा पेच निर्माण होतो तो चुंबक आपल्याच उत्तर-दक्षिण आसाभोवती फिरू लागला की. गोल चकतीसारखा, सर्व बाजूंनी सारखा चुंबक घ्या आणि तो आसाभोवती गरगर फिरवा. बाहेरच्या कोणत्याही बिंदूपाशी क्षेत्राचे मूल्य पूर्वी होते तेवढेच राहते, दिशाही तीच. होकायंत्र हलत नाही. कागदावरचा लोहकीस आपली नक्षी मोडत नाही. अशा वेळी क्षेत्र ‘फिरले’ किंवा ‘फिरले नाही’ म्हणजे नेमके काय झाले?

मायकेल फॅरेडेने २८ ऑक्टोबर १८३१ रोजी तांब्याची तबकडी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवली. एक तार आसाला आणि दुसरी कडेला टेकवली, तेव्हा तारांतून अखंड एकाच दिशेचा प्रवाह वाहू लागला. जगातले ते पहिले विद्युत जनित्र. त्यानंतरच्या महिन्यांत त्याने प्रयोगाला वेगवेगळी वळणे दिली. नळकांड्यासारखा चुंबक आणि तांब्याची तबकडी एकाच आसावर बसवली आणि कधी हे, कधी ते, कधी दोन्ही फिरवले. चुंबक स्थिर ठेवून तबकडी फिरवली, तर प्रवाह मिळतो. तबकडी स्थिर ठेवून चुंबक फिरवला, तर काहीच मिळत नाही. इथपर्यंतही मन थोडे चक्रावते, कारण सापेक्ष गती तर दोन्ही वेळा सारखीच आहे. पण खरा धक्का पुढे बसतो. चुंबक आणि तबकडी एकमेकांना घट्ट चिकटवून बरोबर फिरवली, दोघांमध्ये कसलीही सापेक्ष गती उरली नाही, तरीही प्रवाह मिळतो. इतकेच काय, तबकडी काढून टाकून धातूचा चुंबकच फिरवला आणि तारा त्याच्याच आसाला व कडेला टेकवल्या, तरी प्रवाह वाहतो.

फॅरेडेने यातून काढलेला निष्कर्ष धाडसी होता. चुंबक फिरला तरी त्याच्या बलरेषा त्याच्याबरोबर फिरत नाहीत, असे त्याने मानले. चुंबकत्व जणू आपल्या लोखंडापासून वेगळे होऊन अवकाशात स्थिर राहते आणि फिरणारा धातू त्या स्थिर रेषा कापत जातो. १८५१ मध्ये बलरेषांवर पुन्हा विस्ताराने काम करतानाही तो या मतावर ठाम होता. बलरेषा ही त्याची स्वतःची निर्मिती. त्या रेषा त्याला नुसती आकृती वाटत नव्हत्या, त्यांना भौतिक अस्तित्व आहे अशी त्याची धारणा होत गेली. अस्तित्व मानले की त्यांना गती आहे की नाही, हा प्रश्न टाळता येत नाही.

समोरच्या पक्षाचे म्हणणे साधे आणि मनाला पटणारे होते. बलरेषा चुंबकातून निघतात, तेव्हा चुंबक फिरला की त्याही फिरल्या पाहिजेत. १८४० च्या सुमारास विल्हेल्म वेबर याने या सगळ्या प्रकाराला ‘एकध्रुवी प्रवर्तन’ असे नाव दिले, आणि त्यानंतरची साठ-सत्तर वर्षे युरोपात हा वाद धुमसत राहिला. यात केवळ तत्त्वज्ञान नव्हते. डायनामो बांधणाऱ्या अभियंत्यांना यंत्रात वीज नक्की कुठे निर्माण होते हे जाणून घ्यायचे होते, फिरत्या भागात की स्थिर तारेत?

या वादाला निर्णायक वळण देणारी गोष्ट टॉल्व्हर प्रेस्टन याने १८८५ मध्ये मांडली. क्षेत्र फिरते असे माना किंवा फिरत नाही असे माना, पूर्ण बंद असलेल्या विद्युतमंडलात दोन्ही कल्पनांचे उत्तर एकच येते, हे त्याने दाखवले. कारण मंडल नुसत्या तबकडीचे नसते. आसापासून कडेपर्यंत तबकडी आणि कडेपासून मीटरमधून परत आसापर्यंत तार, असे ते वर्तुळ पुरे होते. चुंबक आणि तबकडी एकत्र फिरताना रेषा स्थिर मानल्या तर फिरणारी तबकडी त्या कापते आणि विद्युतदाब तबकडीत निर्माण होतो. रेषा फिरत्या मानल्या तर त्या बाहेरच्या स्थिर तारेला कापतात आणि तेवढाच दाब तारेत निर्माण होतो. फक्त चुंबक फिरत असेल, तर फिरत्या रेषा तबकडी आणि तार दोन्ही कापतात आणि दोन्ही दाब एकमेकांना मारून टाकतात. म्हणजे मीटरचा काटा कोणत्याही स्थितीत कोणत्याही एका पक्षाच्या बाजूने साक्ष देत नाही. हा मुद्दा ज्याला एकदा नीट कळला, त्याला फॅरेडेच्या प्रयोगातला ‘चमत्कार’ पुन्हा कधी गोंधळात टाकत नाही. म्हणूनच या पुस्तकाने त्यावर भरपूर पाने खर्च केली आहेत, आणि ते योग्यच झाले.

१९०० मध्ये आंरी पोंकारे यानेही एकध्रुवी प्रवर्तनावर लिहिताना रेषा फिरतात की नाही या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही, अशी भूमिका घेतली. पाच वर्षांनी आइन्स्टाइनचा विशेष सापेक्षतेवरचा लेख आला. त्याची सुरुवातच चुंबक आणि वाहक यांच्या सापेक्ष गतीने होते. चुंबक हलला तर एक स्पष्टीकरण आणि वाहक हलला तर दुसरे, हा दुजाभाव आइन्स्टाइनला खटकत होता. त्याच लेखात पुढे एकध्रुवी यंत्रांमध्ये विद्युतदाबाचे ‘स्थान’ कुठे, या प्रश्नाला आता अर्थ नाही असेही तो नोंदवून जातो. विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र हे एकाच वस्तूचे दोन पैलू आहेत. कोणाला किती विद्युत आणि किती चुंबकीय दिसेल, हे पाहणाऱ्याच्या गतीवर ठरते.

तरी प्रयोगकर्ते थांबले नाहीत, आणि हे फार चांगले झाले. बंद मंडल साक्ष देत नसेल तर मंडल उघडे ठेवून पाहू, असा विचार अमेरिकेत सॅम्युएल बार्नेट आणि अर्ल केनार्ड यांनी १९१२ च्या सुमारास केला. चुंबकाभोवती समअक्ष नळकांड्यांचा कपॅसिटर ठेवायचा, चुंबक फिरवायचा, मग कपॅसिटरची जोडणी तोडून त्यावर काही विद्युतभार साठला आहे का ते तपासायचे. क्षेत्र चुंबकाबरोबर फिरत असेल तर स्थिर कपॅसिटरवर भार दिसायला हवा. तो दिसला नाही. ‘क्षेत्र चुंबकाबरोबर घट्ट बांधल्यासारखे फिरते’ या साध्या कल्पनेला त्या दिवशी प्रयोगाचा आधार उरला नाही. मात्र यामुळे फॅरेडेचा पक्ष पूर्ण जिंकला असेही म्हणता येत नाही. धातूचा चुंबक फिरतो तेव्हा त्याच्या आतले विद्युतभार स्वतःची जागा बदलतात. त्यामुळे त्याच्याभोवती एक स्थिर विद्युत क्षेत्र तयार होते. ‘स्थिर बलरेषा’ एवढ्या दोन शब्दांत हे क्षेत्र बसत नाही. शिवाय फिरणे म्हणजे सरळ रेषेतले जाणे नव्हे. सरळ, समान गती कोणाची हे ठरवता येत नाही, पण फिरतो आहे कोण, हे ठरवता येते. चकती फिरते आहे की प्रयोगशाळा, यात निसर्ग फरक करतो.

मग आजचे उत्तर काय? क्षेत्र म्हणजे अवकाशातल्या प्रत्येक बिंदूपाशी असलेले एक मूल्य आणि एक दिशा. ती मूल्ये काळाबरोबर बदलतात किंवा बदलत नाहीत, एवढेच विचारता येते. बलरेषा ही त्या मूल्यांची सोयीची आकृती आहे. तिच्यावर खूण करून ‘हीच ती कालची रेषा’ असे दाखवता येत नाही. गहू आणि वाऱ्याचे उदाहरण घ्यावे. शेतावरून वाऱ्याची लाट जाते तेव्हा लाट पुढे सरकते, पण एकही ओंबी आपली जागा सोडत नाही. बलरेषेला तर ओंबीइतकेही स्वतःचे अस्तित्व नाही. फिरतात ते अणू, इलेक्ट्रॉन आणि तारा. त्यांच्यावर कोणते बल लागते हे विचारले की प्रत्येक वेळी निश्चित उत्तर मिळते. ‘रेषा फिरते का’ असे विचारले की मात्र मिळत नाही. या पुस्तकाची बाजू ही आहे, आणि ती बाजू त्याने न डगमगता लढवली आहे.

पण विषय इथेच संपला असता, तर पुस्तकाची गरज नव्हती. पुस्तकाची खरी मोलाची बाजू अशी की ते हा प्रश्न प्रयोगशाळेतून बाहेर काढून पृथ्वीवर, आणि विशेषतः आपल्या किनाऱ्यावर आणते.

पृथ्वीचा चुंबकीय आस तिच्या भ्रमणाच्या आसाशी सुमारे दहा अंशांनी कललेला आहे. या कलामुळे बाहेर अवकाशात स्थिर उभ्या असलेल्या निरीक्षकाला पृथ्वीचे क्षेत्र रोज एकदा डोलताना दिसेल. तेवढा भाग ‘फिरतो’ असे निःशंक म्हणता येते. कल नसता तर? शनी ग्रहाने याचे जिवंत उत्तर दिले आहे. त्याचे दोन्ही आस इतके नेमके जुळतात की कॅसिनी यानाला त्यांच्यातला फरक जवळजवळ सापडलाच नाही. गुरूचे क्षेत्र कललेले असल्याने त्याच्या रेडिओ लहरींवरून त्याचा दिवस ९ तास ५५ मिनिटांचा, हे दशकांपूर्वीच ठरले. शनीचा दिवस मात्र क्षेत्रावरून मोजता येईना. शेवटी २०१९ मध्ये त्याच्या कड्यांमधल्या तरंगांवरून तो सुमारे १० तास ३३ मिनिटांचा असल्याचे कळले. सममित चुंबक आसाभोवती फिरला तर बाहेरून काही कळत नाही, हे अठराशेतीसच्या सुमाराला तबकडीवर दिसलेले सत्य एका अख्ख्या ग्रहाने दाखवून दिले.

पृथ्वीचे क्षेत्र तिच्या कवचाशीही पुरते बांधलेले नाही. एडमंड हॅली याने १६९२ मध्येच ओळखले होते की चुंबकीय नकाशावरच्या खुणा हळूहळू पश्चिमेकडे सरकतात. त्यासाठी पृथ्वीच्या पोटात वेगळ्या गतीने फिरणारे दुसरे कवच असावे, अशी कल्पना त्याने मांडली. एडवर्ड बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये हे सरकणे वर्षाला ०.१८ अंश असल्याचे मोजले. आज कारण माहीत आहे: हे क्षेत्र २,९०० किलोमीटर खोलीखालच्या वितळलेल्या लोहात तयार होते आणि ते लोह आपल्या चालीने वाहते. ते क्षेत्र टिकते कसे हे समजावण्यासाठी याच बुलार्डने १९५५ मध्ये वापरलेला नमुना म्हणजे पुन्हा फॅरेडेची तबकडी. फरक एवढाच की तिच्यातून निघणारा प्रवाह वेटोळ्यातून फिरवून तिलाच लागणारे क्षेत्र निर्माण करायचा.

क्षेत्राचा तिसरा भाग तर पृथ्वीबरोबर अजिबात जात नाही. अलिबागच्या शांत दिवसाची नोंद पाहिली तर क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सकाळपासून वाढत जातो, दुपारच्या आसपास शिखर गाठतो आणि सायंकाळी उतरतो. चढउतार तीस-चाळीस नॅनोटेस्लांचा, आणि तिथले एकूण क्षेत्र ४३,००० नॅनोटेस्लांच्या घरातले, म्हणजे हजारात एकाहूनही कमी. पण तो रोज येतो. सुमारे ११० किलोमीटर उंचीवर, आयनांबरात, सूर्यप्रकाशामुळे प्रवाहांचे मोठे भोवरे तयार होतात. असे प्रवाह असले पाहिजेत हे बाल्फर स्ट्यूअर्टने १८८२ मध्ये सुचवले होते. हे भोवरे सूर्याकडे तोंड करून एका जागी राहतात आणि पृथ्वी त्यांच्याखालून फिरत जाते. म्हणजे अलिबागच्या कागदावर उमटणारी ती रोजची कमान म्हणजे पृथ्वीबरोबर न फिरणाऱ्या क्षेत्राखालून झालेला रायगडचा प्रवास आहे. अमूर्त वाटणाऱ्या प्रश्नाचे इतके प्रत्यक्ष उत्तर दुसरे क्वचित सापडेल.

या नोंदींमागे माणसे होती, आणि त्यांतली काही याच मातीतली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२५ मध्ये अलिबागजवळच्या नागावचा. १८४० मध्ये प्राध्यापक ऑर्लेबार यांनी कुलाब्याला चुंबकीय आणि हवामानाच्या वेधांचे काम हाती घेतले, तेव्हा पंधरा वर्षांच्या या मुलाला मदतनीस म्हणून घेतले. सुमारे दहा वर्षे छत्र्यांनी ते काम केले. पुढे ते पुण्यात गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले, आणि टिळकांचे गुरू म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी होती. मराठी गद्य, मराठी वृत्तपत्र आणि चुंबकसुईचे वेध एकाच पिढीच्या हातून घडत होते, हे आपल्या शालेय इतिहासात अजून पुरेसे आलेले नाही. ते यायला हवे.

छत्रे तिथून गेल्यानंतर आठ वर्षांनी कुलाब्याच्या सहायकांनी एक अशी नोंद केली की तिचे मोल जगाला दीडशे वर्षांनी कळले. १ आणि २ सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय महावादळात कुलाब्याचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. सूर्यावरचा भडका इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने पाहिला होता. त्याचा पृथ्वीच्या क्षेत्रावरचा आघात आकड्यांत पकडला गेला तो मुंबईत. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी या नोंदींच्या आधारे त्या वादळाची ताकद पुन्हा मोजली. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या कुलाब्याच्या नोंदी दोन खंडांत छापूनही ठेवल्या होत्या.

पृथ्वीपासून आणखी वर गेले की प्रश्न पुन्हा रूप बदलतो, कारण तिथे रिकामी जागा नसून प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, आहे. १९४० च्या दशकात हान्नेस आल्फव्हेन याने मांडले की उत्तम वाहक प्लाझ्मात बलरेषा जणू गोठून बसतात आणि प्लाझ्माबरोबर वाहतात. या कल्पनेने अवकाशविज्ञानाला विलक्षण उपयोगी भाषा दिली. १९७० मध्ये त्याला नोबेल मिळाले. पण त्यानंतर स्वतः आल्फव्हेनच बजावत राहिला की ‘गोठलेल्या, हलत्या रेषा’ ही सोय आहे, तिला वस्तू समजू नका. पृथ्वीभोवतीचा थंड प्लाझ्मागोल तिच्याबरोबर फिरतो हे खरे. ध्रुव आणि विषुववृत्त यांच्यामध्ये भ्रमणामुळे पडणारा सुमारे नव्वद हजार व्होल्टचा दाब त्याला फिरवतो. तरी अमेरिकेच्या ‘इमेज’ उपग्रहाला २००० नंतरच्या निरीक्षणांत तो प्लाझ्मा अनेकदा दहा-पंधरा टक्के मागे रेंगाळताना दिसला. रेषा लोखंडी गजांसारख्या पृथ्वीला जोडलेल्या असत्या, तर हे रेंगाळणे शक्यच नव्हते.

याची टोकाची हद्द पल्सारमध्ये, म्हणजे प्रचंड वेगाने फिरणाऱ्या चुंबकीय ताऱ्यांमध्ये, गाठली जाते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या ज्या ताऱ्यांची स्पंदने टिपतात, त्यांतला खेकडा तेजोमेघातला पल्सार सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरतो. त्याच्या आसापासून १,६०० किलोमीटरवरचा क्षेत्राचा भाग त्याच्याबरोबर फिरायचा म्हटला, तर प्रकाशाच्या वेगाने धावावा लागेल. त्यापलीकडे ‘बरोबर फिरणे’ अशक्यच. पृथ्वीसाठी हीच मर्यादा नेपच्यूनच्या कक्षेच्या थोडी अलीकडे येते. गोल्डरायख आणि ज्युलियन यांनी १९६९ मध्ये पल्सारचे जे गणित मांडले, त्याच्या मुळाशी फिरणारा वाहक चुंबकच होता. त्याच्या पृष्ठभागावरचा दाब इतका प्रचंड असतो की तो विद्युतभार ओढून बाहेर काढतो.

मग हा विषय आजच का? एक कारण सूर्य आहे. १३ मार्च १९८९ च्या चुंबकीय वादळात कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास गेली आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. मे २०२४ च्या वादळात लडाखमध्ये हान्लेच्या आकाशात लाल अरोरा दिसला. त्याआधी जानेवारीत आदित्य एल-१ हे भारताचे यान चुंबकमापक घेऊन आपल्या ठरलेल्या जागी पोहोचले होते. अशा यानाचे आकडे वाचताना यान, सूर्यवारा आणि पृथ्वी यांच्यापैकी कोणाच्या दृष्टीने क्षेत्र मोजले, हे पहिल्या ओळीत लिहावे लागते. १९७१ पासून स्वायत्त संस्था म्हणून काम करणाऱ्या आणि आता नवीन पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे काम अशाच आकड्यांवर चालते. अलिबागची वेधशाळा तिचाच भाग आहे. या संशोधनाचे घर आणि त्याचा सर्वांत जुना चालू पुरावा असे दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत.

दुसरे कारण कमी आनंदाचे आहे. फॅरेडेच्या तबकडीतले कोडे अर्धवट समजले की त्यातून ‘फुकट ऊर्जा’ काढण्याचा मोह होतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ब्रूस डीपाल्मा याने चुंबक आणि तबकडी एकत्र फिरवणाऱ्या यंत्रातून, घातली त्याहून जास्त ऊर्जा मिळते असा दावा केला. पुढे आपल्याकडे कैगा अणुप्रकल्पाशी संबंधित अभियंते परमहंस तिवारी यांनीही अवकाशातून वीज मिळवण्याच्या यंत्राचे दावे केले. असा कोणताही दावा स्वतंत्र मोजमापात टिकून सर्वमान्य झालेला नाही. चुंबक आणि तबकडी एकत्र फिरत असताना ‘अडवणारे काही नाही’ असे वाटते, कारण प्रवाह वाहताना बाहेरच्या तारेवर पडणारे उलट बल हिशेबात धरायचे राहून जाते. ते धरले की ऊर्जेचा ताळेबंद चोख जुळतो. ही यंत्रे खोटी नाहीत. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला मार्क ऑलिफंट यांनी उभारलेले एकध्रुवी जनित्र ५०० मेगाज्यूल ऊर्जा साठवून क्षणात प्रचंड प्रवाह देत असे. पण ती ऊर्जा आधी मोटारीने त्यात भरावी लागे.

पुस्तकाचा प्रयत्न कसा आहे, हे आता सांगणे सोपे झाले. ते पाठ्यपुस्तक नाही. गणित परिशिष्टात ठेवले आहे आणि मुख्य मजकूर बारावीपर्यंतच्या विज्ञानावर चालतो. लेखकाने कोणत्याही पक्षाची टिंगल केलेली नाही. क्षेत्र फिरते असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद त्यांच्याच ताकदीने मांडून मगच तो कुठे अडतो ते दाखवले आहे. इतिहासाचा भाग रोचक आहेच, पण सर्वांत जिव्हाळ्याची पाने किनाऱ्याची आहेत. जानेवारी १८३२ मध्ये फॅरेडेने वॉटर्लू पुलावरून थेम्सच्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या होत्या. वाहते पाणी पृथ्वीच्या क्षेत्रात वीज निर्माण करील, अशी त्याची अपेक्षा होती. त्याला खात्रीलायक वाचन मिळाले नाही. लेखक तोच हिशेब धरमतरच्या खाडीला लावून पाहतो. अलिबाग परिसरात क्षेत्राचा उभा घटक २०,००० नॅनोटेस्लांच्या आसपास आहे. भरतीचे पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने आत येत असेल, तर एक किलोमीटर रुंदीत सुमारे वीस मिलिव्होल्ट दाब निर्माण व्हायला हवा. इथे पृथ्वीचे क्षेत्र फिरते की नाही याने काहीच बदलत नाही. महत्त्वाचे एवढेच की पाणी हलते आणि दोन्ही काठांना टेकवलेली तार किनाऱ्याबरोबर राहते. बंदिस्त मंडलाचा तोच धडा पुन्हा इथे, खाऱ्या पाण्यात.

शिक्षकांसाठी एक विनंती. पुस्तकातला तबकडीचा प्रयोग वर्गात करून पाहावा. दहा सेंटिमीटर व्यासाची तांब्याची तबकडी, तेवढ्याच रुंदीत ०.३ टेस्ला देणारे निओडायमियम चुंबक आणि मिनिटाला ३,००० फेरे देणारी मोटार असेल, तर आस आणि कडा यांच्यामध्ये ०.१२ व्होल्टच्या जवळपास दाब मिळतो. साध्या मल्टिमीटरला तो दिसतो. ब्रशचा संपर्क चांगला नसेल तर वाचन उड्या मारते, म्हणून कडेला तांब्याची मऊ जाळी वापरण्याची पुस्तकातली सूचना पाळावी. मोटारीचे स्वतःचे चुंबक तबकडीपासून हातभर दूर ठेवावेत. विद्यार्थ्यांकडून चारही स्थितींचे वाचन एकाच तक्त्यात लिहून घ्यावे: फक्त तबकडी फिरते, फक्त चुंबक फिरतो, दोन्ही एकत्र फिरतात आणि मीटरसकट सगळेच एकत्र फिरते. चौथ्या स्थितीसाठी छोटा बॅटरीवरचा नोंदक तबकडीवरच, आसाजवळ, घट्ट बसवावा लागतो, आणि त्याच्या तारा तबकडीबरोबरच फिरायला हव्यात. तिथे वाचन शून्य यायला हवे. पहिल्या आणि तिसऱ्या स्थितीतले वाचन सारखे का, आणि चौथ्यात ते नाहीसे का होते, हे विद्यार्थ्यांनी तक्त्यावरून स्वतः मांडल्यावरच पुढचे प्रकरण उघडावे.